घोडा तोच, जमीन वेगळी : अमेरिकेच्या हिरवळीवर युरोपचे घोडे का जिंकतात?



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावतील. शर्यतीचे घोडे आणि शाळेचा काय संबंध? शिवाय शर्यत म्हटली की पैज आली, जुगार आला. ती बाजू आपण या लेखात बाहेरच ठेवणार आहोत. आपल्याला हवी आहे ती फक्त निकालांची यादी, आणि त्या यादीतून निघणारा एक प्रश्न. शेकडेवारी, वर्तुळाचा परीघ, नकाशा, कारण आणि परिणाम असं बरंच काही या एका प्रश्नातून शिकवता येतं. आणि शेवटी तो प्रश्न आपल्यालाही, म्हणजे निकालपत्रकावर सही करणाऱ्यांनाही, विचारता येतो.

आधी कोडं सांगतो.

अमेरिकेत दरवर्षी शरद ऋतूत, ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, 'ब्रीडर्स कप' नावाचा शर्यतींचा मोठा मेळा भरतो. १९८४ साली तो पहिल्यांदा कॅलिफोर्नियातल्या हॉलिवूड पार्क इथे झाला. त्याचं मैदान ठरलेलं नाही. एखाद्या वर्षी केंटकी, एखाद्या वर्षी कॅलिफोर्निया, कधी न्यूयॉर्क, असं ते फिरत असतं. या मेळ्यातल्या दोन शर्यती आपण घेऊ. एक 'टर्फ', म्हणजे गवतावरची, दीड मैलाची (सुमारे २४०० मीटर). दुसरी 'क्लासिक', म्हणजे मातीवरची, सव्वा मैलाची (सुमारे २००० मीटर).

१९८४ ते २०२४ या काळात दोन्ही शर्यती प्रत्येकी ४१ वेळा झाल्या. युरोपात तयार झालेल्या घोड्यांनी 'टर्फ' २७ वेळा जिंकली. 'क्लासिक' किती वेळा? फक्त २ वेळा. आणि त्या दोनपैकी एक शर्यत तर खऱ्या मातीवर झालीच नव्हती. २००८ साली सांता अनिता इथे मातीच्या जागी कृत्रिम पट्टी टाकलेली होती, तिच्यावर रेव्हन्स पास हा इंग्लंडमधून आलेला घोडा जिंकला. खऱ्या मातीवर जिंकलेला एकच, १९९३ सालचा फ्रान्सचा आर्कांग. तो जिंकेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्याचा भाव होता एकाला १३३.

मैदान एकच, दिवस एकच, घोडे त्याच तबेल्यांतून आलेले. मग एवढा फरक कशाने पडला?

मुलांना हे कोडं घातलंत तर पहिलं उत्तर बहुधा येईल, "सर, घोडे दमले असतील." दुसरं येईल, "बाई, हवा मानवली नसेल." दोन्ही उत्तरं चांगली आहेत, पण अपुरी आहेत. दमलेला घोडा गवतावरही दमलेलाच असतो ना? प्रवास तोच आणि हवाही तीच. दोन शर्यतींमध्ये जी गोष्ट ठळकपणे बदलली, ती म्हणजे पायाखालची जमीन.

गवत आणि माती

युरोपात, म्हणजे मुख्यतः इंग्लंड, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये, सगळ्या मोठ्या शर्यती गवतावर होतात. एप्सम डर्बी गवतावर, अस्कॉटच्या शर्यती गवतावर, पॅरिसजवळच्या लाँगशाँची 'आर्क' ही प्रसिद्ध शर्यतही गवतावर. तिथलं शिंगरू लहानपणापासून गवतावर पळायला शिकतं. आपल्याकडे मुंबईच्या महालक्ष्मीला 'इंडियन डर्बी' होते, तीही गवतावर आणि २४०० मीटरचीच. घोडदौडीची ही पद्धत इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली, त्यामुळे या बाबतीत आपण युरोपच्या पंगतीत बसतो.

अमेरिकेत मात्र मानाचं पान मातीला आहे. केंटकी डर्बी, बेलमाँट स्टेक्स आणि क्लासिक या तिन्ही मातीवर होतात. तिथे बहुतेक मैदानांत बाहेरची मोठी लंबगोल पट्टी मातीची असते आणि गवताची पट्टी तिच्या पोटात, आतल्या बाजूला असते. जागेवरूनच दर्जा कळतो म्हणा ना! साहजिकच अमेरिकेतला होतकरू घोडा आधी मातीवर आजमावला जातो. मातीवर चमकला तर तिथेच राहतो. गवताकडे वळतात त्यांत मातीवर न जमलेले बरेच असतात. सगळेच तसे नसतात, पण बरेच असतात.

आता दोन्ही बाजू समोरासमोर ठेवा. गवतावरच्या शर्यतीत युरोप आपले पहिल्या बाकावरचे विद्यार्थी पाठवतो, आणि अमेरिकेचे पहिल्या बाकावरचे बरेचसे त्या वेळी शेजारच्या वर्गात मातीचा पेपर देत असतात. कोड्याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं अर्धं पळण्याच्या रीतीत आहे. मातीवर पुढच्या घोड्याच्या टापांनी उडालेली माती मागच्याच्या तोंडावर येते. म्हणून अमेरिकन घोडेस्वार दार उघडताच घोडा पुढे काढतो. सुरुवातीचा वेग हेच तिथलं हत्यार. युरोपात उलट चालतं. आधी बेताने, घोळक्यात, दम राखून पळायचं आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात मुसंडी मारायची. गवतावर तोंडावर माती फारशी येत नाही, त्यामुळे ही रीत तिथे चालते. मातीवर तीच रीत अंगावर येते, कारण मागे राहिलेल्या घोड्याने अशी माती आयुष्यात कधी खाल्लेली नसते.

अंतराचाही वाटा आहे. दीड मैल हे युरोपचं लाडकं अंतर आहे, तिथल्या मोठमोठ्या शर्यती याच अंतराच्या आहेत. अमेरिकेत या अंतरासाठी घोडे घडवण्याची रीत कमी झाली आहे. अंतर जसं कमी होतं तशी युरोपची आघाडीही ओसरते. एक मैलाच्या गवती शर्यतीत, म्हणजे 'माइल'मध्ये, सामना बराचसा बरोबरीचा असतो. फ्रान्सची मिएस्क ही घोडी तिथे १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ जिंकली. तिचा स्वार होता फ्रेडी हेड. पुढे हाच फ्रेडी हेड प्रशिक्षक झाला आणि त्याच्या गोल्डिकोवा या घोडीने २००८, २००९ आणि २०१० असा तीनदा 'माइल' जिंकला. ब्रीडर्स कपच्या तीन शर्यती जिंकणारी ती पहिलीच. पण त्याच 'माइल'मध्ये अमेरिकेचा लुअर १९९२ आणि १९९३ मध्ये, तर वाइज डॅन २०१२ आणि २०१३ मध्ये जिंकला आहे. आणखी लहान अंतराची 'टर्फ स्प्रिंट' २००८ साली सुरू झाली, ती युरोपला पहिल्यांदा मिळाली २०२० साली, ग्लास स्लिपर्स या घोडीमुळे. तिथे गवत होतंच, पण अंतर अमेरिकेच्या सोयीचं होतं.

म्हणजे "युरोपचे घोडे गवतावर भारी" हे वाक्य सुद्धा अर्धवटच. "गवतावर, लांब अंतराला भारी" म्हटलं की ते पुरं होतं. मुलांना अटी घालून वाक्य लिहायला शिकवायचं असेल तर याहून सोपं उदाहरण शोधावं लागणार नाही.

जुनी गोष्ट : १९२३

जमिनीचा हा धडा युरोपला फार लवकर मिळाला होता. १९२३ साली एप्सम डर्बी जिंकलेला इंग्लंडचा पॅपिरस आणि केंटकी डर्बी जिंकलेला अमेरिकेचा झेव यांची न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कमध्ये दोघांपुरती शर्यत ठरली. तारीख होती २० ऑक्टोबर, अंतर दीड मैल. पॅपिरस जहाजाने अटलांटिक ओलांडून आला. पट्टी मातीची, त्यात पाऊस झालेला, म्हणजे सगळा चिखल. झेवच्या पायांत चिखलात पकड घेणारे नाल होते, पॅपिरसच्या पायांत गुळगुळीत. झेव पाच लांबींनी जिंकला. शर्यतीत 'लांबी' म्हणजे एका घोड्याची लांबी, साधारण २.४ मीटर.

त्या दिवशी नक्की काय ठरलं? अमेरिकेचा घोडा इंग्लंडच्या घोड्यापेक्षा सरस, हे ठरलं का? की ज्याची जमीन आणि ज्याचा नाल, त्याची शर्यत, एवढंच ठरलं? मुलांना दोन गटांत बसवून यावर वाद घालायला लावा. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं भरपूर आहे.

पुढे १९५२ साली वॉशिंग्टनजवळच्या लॉरेल इथे देशोदेशीच्या घोड्यांना आमंत्रण देऊन गवतावर शर्यत सुरू झाली, 'वॉशिंग्टन डी. सी. इंटरनॅशनल'. पहिल्याच वर्षी इंग्लंडचा विल्विन जिंकला, दुसऱ्या वर्षी फ्रान्सचा वर्डन. पाहुण्याला त्याची जमीन दिली आणि निकाल लगेच बदलला.

१९८१ साली शिकागोजवळ 'आर्लिंग्टन मिलियन' सुरू झाली, दहा लाख डॉलर बक्षिसाची पहिली थरोब्रेड शर्यत. तीही गवतावरच. १९८३ साली इंग्लंडहून आलेल्या टोलोमेओने ती जिंकली. १९८५ साली ३१ जुलैला तिथली प्रेक्षकांची इमारत आगीत भस्मसात झाली. तरीही २५ ऑगस्टला तात्पुरत्या मांडवात शर्यत झालीच, आणि ती जिंकली इंग्लंडच्या टेलिप्रॉम्प्टरने.

डावं वळण

आता गणिताच्या शिक्षकांसाठी. अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या शर्यती डावीकडे वळतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. मैदान सपाट, आकार लंबगोल आणि वळणं आवळ. युरोपात प्रत्येक मैदानाची तऱ्हा वेगळी. अस्कॉट, लाँगशाँ आणि आयर्लंडचं करा ही उजव्या वळणाची, तर एप्सम आणि यॉर्क डाव्या वळणाची. एप्समला आधी चढ, मग उतार, उतारातच वळण.

केंटकीच्या चर्चिल डाउन्स मैदानात मातीची पट्टी एक मैलाची आहे आणि तिच्या पोटातली गवताची पट्टी ७ फर्लांगांची. एक फर्लांग म्हणजे सुमारे २०१ मीटर, म्हणून ७ फर्लांग म्हणजे सुमारे १४०८ मीटर. मग २४१४ मीटरच्या शर्यतीत किती फेऱ्या होतील? साधारण १.७. एप्समला याच अंतरात एकही पूर्ण फेरी होत नाही, कारण ते मैदान घोड्याच्या नालासारखंच आहे. मोठी पावलं टाकणाऱ्या, उंच्यापुऱ्या घोड्याला मोकळ्या वळणावर वाव मिळतो. तोच घोडा आवळ वळणावर अडखळतो.

अजून एक हिशेब करून घ्या. दोन घोडे पूर्ण एक फेरी मारतात. एक आतल्या कठड्याला चिकटून आणि दुसरा त्याच्या १ मीटर बाहेरून. बाहेरचा किती जास्त पळेल? मुलं आधी मैदानाची लांबी विचारतील. तिची गरजच नाही! उत्तर आहे २ × ३.१४ × १, म्हणजे ६.२८ मीटर. मैदान केवढंही असो. म्हणजे फक्त एक मीटर बाहेरून पळाल्याचा दंड अडीच लांबींहून जास्त. शर्यती नाकाच्या अंतराने जिंकल्या जातात तिथे अडीच लांबी म्हणजे फार झालं. २०२३ साली सांता अनिताला ऑगस्ट रोडिन हा आयर्लंडचा घोडा 'टर्फ' जिंकला, तेव्हा त्याचा स्वार रायन मूर याने त्याला आतल्या कठड्याच्या कडेने पुढे काढला. हा हिशेब केल्यावर मुलांना त्यामागचं शहाणपण आपोआप कळतं.

दमणुकीचं काय?

"घोडे दमले असतील" हे उत्तर आपण बाजूला ठेवलं होतं. त्याला न्याय द्यायला हवा, कारण त्यातही तथ्य आहे.

'आर्क' ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होते. ती युरोपच्या मोसमाच्या शेवटाकडची मोठी शर्यत. तिथे जिंकलेला घोडा काही आठवड्यांत विमानाने अमेरिकेला न्यायचा आणि उतरल्यावर किमान ४२ तास विलगीकरणात ठेवायचा. शिवाय लंडन आणि कॅलिफोर्नियाच्या घड्याळांत आठ तासांच्या आसपास अंतर. कित्येक वर्षं 'आर्क'चा विजेता त्याच वर्षी 'टर्फ' जिंकूच शकला नाही. १९८६ साली डान्सिंग ब्रेव्ह चौथा आला, १९८७ साली त्रांपोलिनो दुसरा, २००७ साली डिलन थॉमस पाचवा, २०१५ साली गोल्डन हॉर्न दुसरा आणि २०१६ साली फाउंड तिसरी. लोक याला शाप म्हणू लागले.

तो 'शाप' मोडला एनेबल या घोडीने, २०१८ साली, चर्चिल डाउन्सला. स्वार फ्रँकी डेटोरी, प्रशिक्षक जॉन गॉस्डेन. आणि मजा बघा. डान्सिंग ब्रेव्ह आणि गोल्डन हॉर्न अमेरिकेत पळाले तेव्हा ती त्यांची त्या वर्षातली आठवी शर्यत होती. एनेबल दुखापतीमुळे वर्षाचा बराच काळ तबेल्यात होती. अमेरिकेतली तिची शर्यत त्या वर्षातली फक्त तिसरी. शाप वगैरे काही नव्हतं, थकवा होता, असं म्हणायला जागा आहे.

पण थांबा. मुलांना इथेच थांबवून विचारा, तीन घोड्यांवरून नियम ठरवायचा का? १९८३ सालची फ्रान्सची ऑल अलाँग ही घोडी बघा. २ ऑक्टोबरला तिने 'आर्क' जिंकली. मग कॅनडात एक, न्यूयॉर्कला एक आणि १२ नोव्हेंबरला लॉरेलची 'इंटरनॅशनल'. ४१ दिवसांत चार मोठ्या शर्यती, चारही जिंकल्या. त्या वर्षी अमेरिकेने तिला 'वर्षाचा सर्वोत्तम घोडा' हा किताब दिला. थकव्याचा सिद्धान्त तिने वाचला नव्हता! कारणं अनेक असतात आणि प्रत्येक घोड्याच्या बाबतीत त्यांचं वजन वेगळं पडतं. विज्ञानाच्या तासाला हे वाक्य कामाला येईल.

औषधाबद्दलही थोडं सांगायला हवं. अमेरिकेत बरीच वर्षं शर्यतीच्या दिवशी घोड्याला फ्युरोसेमाइड (व्यवहारात 'लासिक्स') द्यायची मुभा होती. जोरात पळताना फुप्फुसात होणारा रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ते देतात. युरोपात त्याला बंदी. २०२१ पासून ब्रीडर्स कपच्या सगळ्या शर्यती या औषधाशिवाय होतात. आधीही युरोप जिंकत होता, नंतरही जिंकतोय, त्यामुळे हे मुख्य कारण धरता येत नाही. पण नियम सारखे असणं हाही सामन्याचा भाग आहेच.

आकड्यांची दुसरी बाजू

आता २७ हा आकडा जरा उलगडू. १९८४ ते १९९९ या १६ 'टर्फ' शर्यतींत युरोप ७ वेळा जिंकला, म्हणजे साधारण ४४ टक्के. २००० ते २०२४ या २५ शर्यतींत २० वेळा, म्हणजे ८० टक्के. (२००३ साली आयर्लंडचा हाय चॅपरल आणि अमेरिकेचा जोहार यांची बरोबरी झाली. तो विजय युरोपच्याही खात्यात धरला आहे.) म्हणजे एकूण सरासरी ६६ टक्के खरी असली तरी तिच्या आत मोठा बदल दडलेला आहे. नुसती सरासरी सांगून मोकळं होऊ नये, हे मुलांना दाखवायला हे दोन आकडे पुरेसे आहेत.

बदल का झाला? युरोपचे मोठे तबेले घोडा निवडून, मुद्दाम या शर्यतीसाठी राखून आणू लागले. जो टणक जमिनीवर पळेल, आवळ वळणावर डगमगणार नाही, ज्याच्यात मोसमाच्या शेवटीही दम उरलेला असेल, असा घोडा ते आणतात. कॉन्ड्युइट २००८ आणि २००९ असा दोनदा जिंकला, रिबेल्स रोमान्स २०२२ आणि २०२४ असा दोनदा. यांतल्या एकानेही 'आर्क' जिंकलेली नाही. युरोपातला सर्वांत नावाजलेला घोडा आणण्यापेक्षा या मैदानाला योग्य घोडा आणणं फायद्याचं, हे तबेल्यांना कळलं.

दोन सावधगिरीच्या सूचना मात्र द्याच.

पहिली. जे आलेच नाहीत ते या यादीत नाहीत. इंग्लंडचा फ्रँकेल १४ शर्यती पळाला आणि १४ जिंकला, पण अमेरिकेत एकदाही गेला नाही. 'क्लासिक'मध्येही युरोपचे घोडे कमीच उतरतात, कारण मालकांना निकाल आधीच दिसतो. म्हणून ४१ पैकी २ हा आकडा वाचताना 'उतरले किती?' हा प्रश्न विचारायचा.

दुसरी. 'युरोपी घोडा' म्हणजे युरोपात शिकलेला घोडा. रक्त कुठलंही असू शकतं. १९६४ साली केंटकी डर्बी, म्हणजे मातीची शर्यत, जिंकणारा नॉर्दर्न डान्सर कॅनडात जन्मलेला. त्याचा मुलगा निजिन्स्की आयर्लंडमध्ये शिकला आणि १९७० साली इंग्लंडच्या तिन्ही मानाच्या शर्यती गवतावर जिंकला. दुसरा मुलगा सॅडलर्स वेल्स अमेरिकेत जन्मला आणि आयर्लंडमध्ये वाढला. हाय चॅपरल हा या सॅडलर्स वेल्सचा मुलगा. २०१५ ची विजेती फाउंड आणि २०१६ चा विजेता हायलँड रील ही त्याची नातवंडं. म्हणजे अमेरिकेला गवतावर हरवणाऱ्या घोड्यांच्या अंगात मातीवर जिंकणाऱ्या आजोबा-पणजोबांचंच रक्त आहे! वंश एक, पण शाळा आणि मैदान निराळं. 'रक्तातच असावं लागतं' असं सहज म्हणून टाकणाऱ्यांना ही वंशावळ जरूर दाखवावी.

आणि उलट दिशेचंही उदाहरण हवं. अमेरिकेची टेपिन ही घोडी २०१५ साली 'माइल' जिंकली. पुढच्या वर्षी ती इंग्लंडला गेली, अस्कॉटच्या सरळ, चढाच्या, ओल्या गवतावर लासिक्सशिवाय पळाली आणि तिथलीही मोठी शर्यत जिंकून आली. परकी जमीन म्हणजे हार ठरलेलीच, असं मुळीच नाही.

ज्याला विचारलं जात नाही तो

एक गोष्ट मुलांना वयाप्रमाणे सांगावी की नाही ते तुम्ही ठरवा. आपण मोठ्यांनी मात्र ती वाचायलाच हवी.

जॉर्ज वॉशिंग्टन नावाचा आयर्लंडमध्ये शिकलेला घोडा २००६ साली इंग्लंडची '२००० गिनीज' जिंकला होता. गवतावर, एक मैल. त्याच वर्षी त्याला 'क्लासिक'मध्ये मातीवर उतरवलं, तो सहावा आला. २००७ साली न्यू जर्सीच्या मॉनमथ पार्कमध्ये पुन्हा 'क्लासिक'. पाऊस झालेला, पट्टी पाण्याने भरलेली. शेवटच्या टप्प्यात त्याचा पाय मोडला आणि त्याला तिथेच मरण द्यावं लागलं. केवळ जमीन वेगळी होती म्हणून हे झालं, असं म्हणता येणार नाही. असे अपघात गवतावरही होतात. पण कुठे पळायचं हे घोडा ठरवत नाही. ते मालक आणि प्रशिक्षक ठरवतात आणि किंमत घोडा मोजतो.

हे वाचताना आपल्या वर्गातली काही मुलं डोळ्यांसमोर येतात. सहावीपर्यंत गावच्या शाळेत मराठीतून पहिलं येणारं आणि सातवीत शहरातल्या इंग्रजी माध्यमात घातलेलं मूल. ऊसतोडीच्या मोसमात आईबापांबरोबर फडावर गेलेलं आणि मार्चमध्ये परत येऊन परीक्षेला बसलेलं मूल. त्यांच्या निकालपत्रकावर आपण काय लिहितो? 'प्रगती असमाधानकारक.' जमीन बदलली होती, नाल बदलले नव्हते, ही नोंद करायला त्या पत्रकावर रकानाच नसतो.

मूल म्हणजे घोडा नव्हे, आणि शिक्षण म्हणजे शर्यतही नव्हे. पण निकाल वाचण्याची रीत दोन्हीकडे सारखीच हवी. कोण हरलं हे विचारण्याआधी कुठे पळायला लावलं, कशाच्या तयारीवर, आणि किती दमल्यावर, हे विचारायचं. पालकहो, माध्यम किंवा शाळा बदलायचा निर्णय घेताना हेच तीन प्रश्न मुलाला समोर बसवून विचारा. घोड्याला विचारता येत नाही, मुलाला येतं.

वर्गात करून बघण्यासाठी

१. शेकडेवारी (इयत्ता ६ वी-७ वी): १६ पैकी ७, २५ पैकी २० आणि ४१ पैकी २७ यांची शेकडेवारी काढा. पहिल्या दोन शेकडेवाऱ्यांची नुसती सरासरी ६२ च्या जवळ येते, पण एकूण ६६ च्या जवळ. असं का? (उत्तर: दोन्ही काळांतल्या शर्यतींची संख्या सारखी नाही.)

२. परीघ (इयत्ता ८ वी): शाळेच्या मैदानावर फक्कीने दोन वर्तुळं आखा, एक दुसऱ्याच्या १ मीटर बाहेर. दोन्हींवर दोरी लावून मोजा. फरक ६.२८ मीटरच्या जवळ येतो का? वर्तुळ मोठं करून पुन्हा मोजा.

३. भूगोल: नकाशावर एप्सम, लाँगशाँ, केंटकी आणि कॅलिफोर्निया शोधा. लंडनमध्ये दुपारचे बारा वाजले असताना बाकीच्या ठिकाणी किती वाजले असतील?

४. भाषा: 'युरोपचे घोडे अमेरिकेत जिंकतात' हे वाक्य फळ्यावर लिहा. प्रत्येक गटाने त्यात एकेक अट घालून ते अधिक खरं करायचं. कुठल्या जमिनीवर? किती अंतराला? कुठल्या काळात? शेवटी तयार झालेलं वाक्य पहिल्या वाक्याशेजारी लिहा आणि दोन्ही मोठ्याने वाचून घ्या.

चौथा उपक्रम आधी घ्या, असं मी सुचवेन. तो केलेला वर्ग पुढे "ती मुलं हुशार, ही मुलं ढ" असलं वाक्य ऐकलं की आपसूकच विचारतो, "कुठल्या मैदानावर?"